तळ न दाखवणारा डबा

बसायचं स्टूल समजून मला ओढू नका, मित्रांनो. मी पिठाचा डबा आहे, जुना, पत्र्याचा. आधी मी गोडेतेलाचा होतो. पिंपरीतल्या एका पत्रेवाल्याने माझं तोंड कापून झाकण बसवलं आणि अकरा वर्षांपूर्वी मी पिंपळे गुरवला सुमनताईंच्या स्वयंपाकघरात आलो.

आल्या आल्या त्यांनी चर्चच्या कॅलेंडरवरचं एक चित्र माझ्या पोटावर चिकटवलं. बायबलच्या गोष्टीतली दुष्काळातली विधवा, तिच्या दारात उपाशी संदेष्टा आणि कधीच न सरणारं पिठाचं मडकं. त्यावरून सुमनताईंनी नियमच केला, की डब्याचा तळ दिसू द्यायचा नाही. जुनं मूठभर पीठ राहू द्यायचं आणि वर नवं दळण ओतायचं. चर्चच्या मंडळीतल्या बायका कौतुक करायच्या. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू!

पण या महिन्यात माझ्या तळाशी जाळी धरली. अळ्या रोज थोड्या वर सरकू लागल्या. मला तोंड असून सांगता येईना. त्यात सुमनताईंचे यजमान ज्योतीराम यांना चाकणच्या कंपनीने ब्रेक दिलेला, म्हणजे कंत्राटी कामावरून काही दिवस बिनपगारी घरी बसवलेलं. परत बोलावण्याचा फोन येईपर्यंत माझ्यातल्या पिठावरच घर चालायचं होतं. ते नासलं तर हे दोघं खाणार काय? माझा जीव टांगणीला लागला होता.

काल सकाळी शेजारच्या तानुबाई वाटी घेऊन आल्या. त्यांचा मुलगाही ब्रेकवर होता. सुमनताईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"तळ दिसंल, तानुबाई. न्हाई देता यायचं."

तानुबाई रिकामी वाटी घेऊन परत निघाल्या. मला फार लाज वाटली. सुमनताई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. त्यांची नजर चित्रावर गेली आणि बराच वेळ हलली नाही.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "हिनं तर आधी त्या पाहुण्याला भाकर दिली होती."

त्यांनी तानुबाईंना हाक मारून परत बोलावलं, वर्तमानपत्र पसरलं आणि मला चक्क पालथं केलं. सगळ्यात शेवटी माझी जाळी बाहेर पडली. दोघी बघतच राहिल्या. अजून दोन दिवस गेले असते तर सगळंच नासलं असतं. तळाचं पीठ त्यांनी फेकलं, वरचं चाळून दोन घरांत वाटून घेतलं.

कंपनीचा फोन अजून आलेला नाही. मी घासूनपुसून गॅलरीत आडवा पडलो आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या डब्यांना अधूनमधून पूर्ण रिकामं करत जा, अगदी शेवटच्या मुठीपर्यंत. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या तळाला ऊन लागतंय.