गुलाबी रानातले सैनिक

हंबीररावांनी सैनिक रंगवायला घेतले ते हात रिकामे राहू नयेत म्हणून. महायुद्धातले, करंगळीच्या दोन पेरांएवढे हे प्लास्टिकचे सैनिक त्यांच्या मुलाचे, ऋषिराजचे. टेबलावर डोंगर, नदी मांडून सांगलीच्या मित्रांबरोबर तो त्यांच्या लढाया खेळायचा. दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात ऋषिराज गेला आणि खोक्यांतले सैनिक बिनरंगाचेच राहिले. आता रोज सकाळी रहिमतपूरच्या घरी, सोप्यात चष्मा चढवून हंबीरराव बसत. रंग कोणते द्यायचे ते खोक्यातल्या कागदावर छापलेलं होतं, पण फौजेत हयात घालवलेल्या माणसाला ते पटेना. कॅमोफ्लाज, म्हणजे आसपासच्या रंगात लपणं, कागद बघून करत नाहीत, जागा बघून करतात. ते उसाचं पाचट आणून त्यावर सैनिक उभा करीत, मागं सरून बघत, आणि नजरेला तो चटकन सापडला की पुन्हा रंगवायला घेत.

लेकीनं, पल्लवीनं माधवनगरला नोकरी धरली, तिथंच खोली घेतली, तेव्हापासून मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन लेकरांतली ही एकच उरलेली. ते सारखे फोन लावत. ती चिडे.

“आवं, पोरगी नोकरीला गेलीय, बॉर्डरवर न्हाई,” पल्लवीची आई, राजेश्वरीबाई म्हणाल्या.

“बॉर्डर बरी. तिथं पहारा तरी देता येतो.”

त्याच सुमारास रंग बिघडू लागले. पाचटाकडं बघत ते ब्रश चालवीत, आणि हातातला सैनिक पुरा झाल्यावर बघावं तर तो फिकट गुलाबी. त्यावर पोपटी पट्टे, खांद्यावर पांढरे चौकोन.

राजेश्वरीबाईंनी एक उचलून बघितला. “ह्ये कुठलं रान म्हणायचं? लग्नाच्या मांडवात लढाई हाय का?”

हंबीररावांना हसू आलं नाही. थिनरनं त्यांनी रंग पुसून काढला. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा तिकडंच गेला. शेवटी ते पुसायचं सोडून एकेक सैनिक टेबलाच्या खणात ठेवत गेले. समाधान एवढंच, की बसल्या जागी तेवढा वेळ पल्लवी जवळ असल्यासारखी वाटे.

रागावलेल्या पल्लवीनं खोली अजून दाखवली नव्हती. एका सुट्टीच्या दुपारी तिनं आपणहून व्हिडिओ कॉल केला.

“बघा आबा, एकदाची. झालं समाधान?”

भिंत फिकट गुलाबी होती. खिडकीला पोपटी पडदा, आणि गजांमधून आलेले उन्हाचे पांढरे चौकोन पलंगावर पसरलेले. ती बोलत होती आणि हंबीरराव तिच्या मागची भिंत बघत होते, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश, पहाऱ्यावर बघायची सवय होती तसे. फोन ठेवल्यावर त्यांनी खण उघडला. खण रिकामा होता.

“मी कशाला हात लावू?” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “गेलेल्या लेकाची शपथ.”

पुढच्या आठवड्यात फोन पल्लवीच करू लागली. आधी कामाचं बोले, जेवणाचं बोले, मग फोन ठेवताना रेंगाळे. एकदा म्हणाली, “आबा, हसू नका. कुणीतरी बघत असल्यासारखं वाटतं इथं. सगळी खोली झाडून काढली. काहीच नाही. पण डोळ्याला डोळा लागत नाही.”

बापानं विचारायला हवं होतं, कोण, कुठून, कधीपासून. हंबीरराव म्हणाले, “मग घरी ये.” हे म्हणताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्यांना वाटलं, आणि राजेश्वरीबाई त्यांच्याकडं जरा वेळ बघतच राहिल्या.

नोकरी सोडून पल्लवी आली. तोंड उतरलेलं होतं, पण भाकरी-आमटी पोटात गेल्यावर सोप्यातच उशी घेऊन कलंडली. “इथं बरं वाटतंय गं आई,” एवढं बोलली आणि झोपलीसुद्धा. कानामागचे केस बाजूला झाले होते. तिथला तीळ लहानपणी होता तसाच होता.

हंबीररावांनी नवा सैनिक घेतला. कित्येक दिवसांनी हात स्थिर होता. झोपलेल्या लेकीकडं बघत, घाई न करता, त्यांनी गव्हाळ रंग कालवला. चेहरा, हात. अंगाचा रंग तेवढ्यालाच लागतो.

पल्लवीनं झोपेतच मान खाजवली, तेव्हा त्यांनी ब्रशाकडं पाहिलं. टोपी गव्हाळ झाली होती. गणवेश, बूट, बंदूकसुद्धा. आणि ब्रशाचं टोक आता काळ्या रंगात बुडालं होतं, एकच तिळाएवढा ठिपका देण्यापुरतं.