विचारलं तेवढंच

"हा बंदरावरचा क्रेनवाला कोण?" मास्तरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

टपालबाईने चहाचा कप खाली ठेवला. हाच प्रश्न त्यांनी चहा येण्याआधी विचारला होता. गेल्या आठवड्यातही विचारला होता आणि त्याच्या आदल्या आठवड्यातही. आवाजाला सुरकुती पडू न देता तिने उत्तर दिलं.

"नावात गफलत होऊन धरलेला माणूस आहे, मास्तर. आपल्याला हवा होता तो दुसराच. हा अजून आपल्या ताब्यात आहे."

"गफलत झाली हे कळलंय ना?"

"कळलंय."

"मग सोडत का नाही?"

"सोडला तर बाहेर जाऊन बोलेल. कुठे ठेवलं होतं, कोणी ठेवलं होतं, सगळंच. म्हणून निर्णय लांबणीवर पडलाय."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा पूर्वीसारखा कठोर झाला. "हे बरोबर नाही, बाई. हे मी समितीत विचारणार."

"हो, मास्तर."

त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर कुठल्याशा सरहद्दीचा नकाशा होता. नकाशातल्या नदीवरून ते बोट फिरवत राहिले, आणि बोट नदीच्या मुखाशी पोहोचेपर्यंत तो कठोरपणा पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळून गेला.

तिचं काम सांगायला सोपं होतं. देशाचं गुप्तवार्ता खातं काय काय करतं यावर संसदेची एक समिती देखरेख ठेवी, आणि खातं व समिती यांच्यामध्ये ही बाई ये-जा करी. खात्याचे कागद कुलूपबंद पेटीत घालून ती संसदेच्या तळघरातल्या या बिनखिडकीच्या खोलीत आणी, सभासद वाचत असेपर्यंत समोर बसे आणि पेटी परत नेई. खोलीतून काही लिहून न्यायला बंदी होती. मास्तरांनीच कधीतरी थट्टेने तिला टपालबाई म्हटलं, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

कागद सांभाळण्यापेक्षा माणसं सांभाळणं हे खरं काम. कोणत्या सभासदाचा गुडघा दुखतो, कोणाला वर्तमानपत्राआधी बातमी कळली की अंगावर मूठभर मांस चढतं, कोणाला डोंगरावरचं टेहळणी केंद्र एकदा दाखवून आणलं की तो वर्षभर खात्याची बाजू घेतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. संचालकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "खोटं बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. आणि विचारायला फार वेळ उरणार नाही, एवढे नकाशे दाखवायचे."

बहुतेक सभासदांना ते नकाशे पुरत. तळघरात उतरून कागद वाचायचा कंटाळा ते करत. समितीचे अध्यक्ष असलेले मास्तर मात्र कशालाच बधत नसत. राजकारणात येण्याआधी ते शाळेत भूगोल शिकवायचे. उत्तर ऐकून झालं की ते नुसतं "आणि?" म्हणत आणि वाट बघत बसत. त्या शांततेत भल्याभल्या अधिकाऱ्यांच्या तोंडून नको ते निघून जाई. खात्यात त्यांच्या बैठकीला तोंडी परीक्षा म्हणत.

अलीकडे मास्तर "आणि?" विचारत नसत. वाचता वाचता ते थांबत, कोपऱ्याकडे बघून मंद हसत.

"तिथे कोणी आलं का?"

"नाही, मास्तर."

"मला वाटलं मुलं आली."

पंख्याची संथ घरघर, हिरवट गालिचा, टेबलावर पडलेला दिव्याचा पिवळा गोल. त्या खोलीत पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटे. तेच प्रश्न, तीच उत्तरं, तोच निवत चाललेला चहा. तिला कधी कधी वाटे, आठवडे वगैरे काही नाहीतच. ही एकच लांबलचक दुपार आहे आणि आपण दोघं तिच्यात तरंगत आहोत. मग तिला क्रेनवाला आठवे. तो तिने कधी पाहिला नव्हता. पण आता तो तिच्या स्वप्नात येऊ लागला होता. बंद घरात, उंच क्रेनच्या खोपीत बसावं तसा एका खुर्चीवर बसलेला, आणि खाली समुद्र नाही.

त्या दिवशी मास्तरांना सोडायला ती दारापर्यंत गेली. त्यांची मुलगी गाडी घेऊन आली होती. वडिलांना आत बसवून, दार लावून ती टपालबाईजवळ आली.

"ताई, खाली बरे असतात ना हो?"

"वाचतात की."

"परवा सकाळी आंघोळ करून शाळेत निघाले होते. बस थांब्यावर सापडले. मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, पहिला तास माझा आहे." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "डॉक्टर म्हणतात, राजीनामा द्यायला लावा. मी कशी सांगू? उभ्या जन्मात त्यांना कोणी उठून जा म्हटलेलं नाही."

टपालबाई तशीच संचालकांकडे गेली. संचालक मऊ बोलणारे गृहस्थ होते. चढ्या आवाजात बोललेले त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"आम्हालाही कल्पना आहे," ते म्हणाले. "वाईट वाटतं. मोठा माणूस."

"साहेब, ते क्रेनवाल्याबद्दल विचारताहेत. दर आठवड्याला."

"तुम्हाला विचारताहेत. तळघरात. मॅडम, समितीत विचारलं तर ते विचारणं. तिथे विचारलं की मी त्याच दिवशी त्या माणसाला सोडेन, शब्द देतो."

"तिथे यायच्या आत विसरतात."

"मग त्यात खात्याचा काय दोष?" त्यांनी खिडकीचा पडदा जरासा सरकवला. "अध्यक्ष कोण असावा हे संसदेनं ठरवायचं. आपण त्यांच्या कारभारात नाक खुपसायला लागलो, तर उद्या तेच आपल्यावर ओरडतील. तुम्ही मन लावून घेऊ नका."

बोलणं बिनतोड होतं. दुसऱ्या कुठल्या सभासदाने विचारल्याशिवाय त्याला सांगणं हा तिच्यासाठी गुन्हा होता. आणि जे ठाऊकच नाही ते कोणी विचारणार कसं?

संध्याकाळी ती नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो कामाबद्दल तिला कधी काही विचारत नसे. लग्न टिकलं ते त्यामुळेच, असं तो पाहुण्यांना सांगे. तिने काउंटरवरची एक फ्रेम उचलून उगाच उघडमीट केली.

"अरे, समज, एखाद्या गिऱ्हाइकाला दिसेनासं झालंय आणि त्याला ते ठाऊकच नाही. तर तू काय करतोस?"

"ठाऊक नाही असा मला अजून भेटला नाही," काच पुसत तो म्हणाला. "माणूस आपला उजेडाकडे सरकून बसायला लागतो. वाचायचं टाळतो. बोलत नाही इतकंच. कोणीतरी विचारावं म्हणून वाट बघत असतो बिचारा." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "ती फ्रेम मोडशील हं अशानं."

पुढच्या आठवड्यात समितीच्या बैठकीच्या दिवशीच मास्तर सकाळी वाचायला आले. ते पान आलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हा बंदरावरचा क्रेनवाला कोण?"

तिने चहाचा कप बाजूला सारला. पंखा फिरत होता.

"मास्तर, हे तुम्ही मला दर आठवड्याला विचारता. मी दर आठवड्याला सांगते. तुम्ही दर आठवड्याला म्हणता, समितीत विचारीन."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. रागावतील असं तिला वाटलं होतं; तिने मनाची तयारीही केली होती. पण ते रागावले नाहीत. लांबच्या गावाहून निघालेली बातमी शेवटी घरी पोहोचावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे ते खरंच होतंय," ते म्हणाले. "मला वाटायचं, मला तशी स्वप्नं पडताहेत." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्या खात्याला ठाऊक आहे?"

"आहे."

"आणि त्यांच्या पथ्यावर पडलंय."

वरवर हा प्रश्न नव्हता. मग तिला वाटलं, यांनी विचारलंय. "हो," ती म्हणाली.

"तो माणूस तेवढे दिवस आत आहे?"

"हो, मास्तर."

त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पसरले, खडूची धूळ झटकून झाल्यावर मास्तर लोक बघतात तसे ते तळव्यांकडे बघत राहिले. "गंमत सांगू? शाळेत निघालो होतो त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. हवा छान होती. कोणाचं काही देणं नाही, काही विसरलेलं नाही." ते थांबले. "बैठक दुपारी आहे ना? तुम्ही असता ना तिथे?"

"संचालकांच्या मागच्या खुर्चीत. मला बोलायची परवानगी नसते."

"हं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

दुपारी समितीच्या दालनात संचालकांनी नकाशे लावले. वाळवंट, सामुद्रधुनी, बर्फाळ खिंडी एकामागून एक भिंतीवरून सरकत गेल्या. जेवणानंतरच्या सुस्तीत सभासद जणू जहाजात बसून त्या किनाऱ्यांवरून चालले होते. मास्तर अध्यक्षांच्या खुर्चीत ताठ बसले होते, पण त्यांची नजर भिंतीच्या पलीकडे कुठेतरी लागली होती. टपालबाईने ओळखलं, गेलं. सकाळ त्यांच्या हातून निसटली.

संचालकांनी शेवटचा नकाशा गुंडाळला. "अध्यक्षांची काही शंका नसेल तर..."

"शंका आहे," मास्तर म्हणाले. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. सभासद चुळबुळले. कोणीतरी खाकरलं. मास्तरांची नजर चेहऱ्याचेहऱ्यावरून फिरत आली आणि मागच्या खुर्चीपाशी थांबली.

"मला एक प्रश्न विचारायचा होता," ते सावकाश म्हणाले. "तो आता मला आठवत नाही. हल्ली मला आठवत नाही, हे समितीने ऐकून ठेवावं. पण तो महत्त्वाचा आहे, एवढं आठवतंय. आणि तो कोणाला ठाऊक आहे, हेही." त्यांनी बोट केलं. "बाई, उभ्या राहा. मी दर आठवड्याला तुम्हाला काय विचारतो?"

संचालकांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती विनवणी होती. टपालबाई उभी राहिली.  अध्यक्षांनी विचारलं होतं, आणि विचारलं तेवढं सांगणं हे तिचं कामच होतं.

"तुम्ही विचारता, मास्तर, की चुकून धरलेल्या बंदरावरच्या क्रेनवाल्याला खातं सोडत का नाही."

दालनातली सगळी झोप उडाली. मास्तरांनी मान हलवली; ओळखीचा माणूस रस्त्यात भेटल्यावर हलवतात तशी.

"हाच," ते म्हणाले. "संचालक, उत्तर द्या."

संचालकांनी उत्तर दिलं, आणि दिलेला शब्दही पाळला. क्रेनवाला त्याच दिवशी घरी गेला. मास्तरांनी आठवड्याच्या आत अध्यक्षपद सोडलं. भाषण केलं नाही. टपालबाईच्या जागी एक चुणचुणीत तरुण आला. नकाशे अधिक रंगीत झाले म्हणतात. तिला प्रशिक्षण विभागात पाठवलं, तिथे नवीन पोरांना ती परकी भाषा शिकवू लागली. संचालक जिन्यात भेटले की आधी नमस्कार करत. त्यापलीकडे काही बोलत नसत.

क्रेनवाला पुन्हा कामावर रुजू झाल्याचं कानावर आलं, तेव्हा रजा टाकून ती मास्तरांच्या घरी गेली. मुलीने दार उघडलं. मास्तर मागच्या अंगणात आरामखुर्चीत झोपले होते. अंगणात एकही झाड नव्हतं.

"उठवू का, ताई? ओळखतील असं काही सांगता येत नाही हं. पण तुमचा आवाज ऐकून कदाचित..."

"नको, झोपू दे."

ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. झोपेत त्यांचे ओठ हलत होते. कोणाला तरी काही समजावून सांगत असावेत. चेहऱ्यावर थेट ऊन पडलं होतं आणि पापण्या आवळल्या जात होत्या. ती एक पाऊल बाजूला सरकली. तिची सावली त्यांच्या डोळ्यांवर पडली आणि पापण्या सैल झाल्या.

मुलीने आतून खुर्ची आणून ठेवली. "बसा ना. उभ्या का?"

"राहू दे," टपालबाई हळू आवाजात म्हणाली. "बसले तर त्यांच्यावर ऊन येईल."

मुलगी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच थांबली. ऊन कलत गेलं, तसतशी टपालबाई थोडी थोडी सरकत राहिली.