मिस्त्रीचं नाक

मिस्त्रीचं नाक म्हणजे त्याचं निम्मं गॅरेज. ऑइल जळतंय, वायर जळतेय की ब्रेक, हा गडी नुसता वास घेऊन सांगायचा. आणि नेमकं त्या कडाक्याच्या थंडीत ते नाक चोंदलं. चार दिवस नुसती सर्दी! पण हे कबूल कोण करणार?

मुक्कामाला आलेले लेक-जावई सकाळी गाडी काढून निघाले आणि दहा मिनिटांत परत आले. लेकीला नववा महिना. दवाखाना लांब, म्हणून जावयाने चाळिशीत, घाबरत घाबरत का होईना, गाडी शिकून घेतली होती.

"बाबा, हीटर लावला की जळका वास येतोय," जावई म्हणाला.

मिस्त्रीने खिडकीतून डोकं आत घातलं, जोरात हुंगलं. कशाचा वास अन् कशाचं काय! पण चार गिऱ्हाइकं बघत होती, तेव्हा तो ठासून म्हणाला, "क्लच! जावईबापू, क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे, सारखा पाय ठेवायला? अशाने माझ्या लेकीला वाटेतच बाळंत कराल!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. जावयाचं तोंड एवढंसं झालं. त्याने किल्ली मिस्त्रीच्या हातात ठेवली. "खरंय तुमचं. मला नाही जमायचं हे. वेळ आली की टॅक्सी बघू." लेक त्याचा हात धरून गॅरेजमागच्या घरात गेली.

मग मिस्त्रीने बॉनेट उघडलं. गरम पाइपावर जुन्या ब्लँकेटचा तुकडा, अर्धा करपलेला. इंजिन गारठू नये म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानेच मायेने पांघरला होता. मुक्कामाच्या प्रत्येक गाडीला तो असं पांघरूण घालायचा आणि सकाळी न चुकता काढायचा. आज विसरला. आता या चौघांसमोर सांगणार कुठल्या तोंडाने? त्याने इकडेतिकडे बघितलं, तुकडा चुरगाळून कोटाच्या खिशात कोंबला नि बॉनेट आपटलं. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

घरात चहा झाला होता. थंडीमुळे दारंखिडक्या बंद. मिस्त्री जावयाला खेटून बसला.

"अगंबाई, काय जळतंय गं?" त्याची बायको म्हणाली. लेक उठून गॅस बघून आली. मिस्त्री आपला चहा फुंकत बसलेला. त्याला कुठला वास यायला!

जावयाने स्वतःचा स्वेटर हुंगला. "माझ्याच कपड्यांना बसलाय वाटतं," तो ओशाळून म्हणाला. "मी बाहेर बसतो."

एवढ्या गारठ्यात तो खरंच दाराकडे निघाला. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा हो," तो कसाबसा म्हणाला आणि खिशातला तुकडा काढून कपांशेजारी ठेवला. "मी पांघरला, मीच विसरलो. तुमचा क्लच ठणठणीत आहे. मला चार दिवस कसलाच वास येत नाही."

मग लेक म्हणाली, "बाबा, हे आम्हाला सांगितलंत. ते चौघं अजून बाहेरच आहेत."

मिस्त्रीने किल्ली जावयाच्या हातात परत दिली, करपलेला तुकडा उचलला आणि मान खाली घालून गॅरेजकडे निघाला.