सुपारीचं पथ्य

आमच्या सुपारीच्या मानेवरचे केस गेले तेव्हा घरात पहिला संशय माझ्यावर आला. नोकरीवाली सून हिंजवडीहून दमून येते आणि मांजरीपुढे पाकिटातलं खाणं ओतते, म्हणजे दोष तिचाच, असं सासऱ्यांचं साधं गणित. सुपारीनं खाजवून खाजवून मान सोलून काढली होती.

प्राण्यांची डॉक्टर माहेनूर वयानं लहान, पण खमकी. "अन्नाची ॲलर्जी वाटते. आठ आठवडे तिनं आजवर न खाल्लेलं एकच मांस द्या. उकडलेलं मटण आणि त्यात ही पावडर. दूध, चिकन, मासे, बिस्किट, सगळं बंद. एक कण चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून." फरक पडला नाही तर स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि ती सारखी दिली तर मांजरांना मधुमेह होऊ शकतो, हेही तिनं सांगून टाकलं.

आमचं घर शाकाहारी. "गॅलरीत शिजवा, गॅलरीतच खाऊ दे," एवढं बोलून सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याशी कामापुरतं बोलत, सुपारीशी मात्र मनापासून. त्यांचे गुडघे, भाजीवाल्याचा उद्धटपणा, वारज्याच्या पुलावरची गर्दी, तिला सगळं ठाऊक. मला ते बोलणं ऐकायला फार आवडायचं. तिला काही झालं तर हा माणूस पुरता मुका होईल, याची मला खरीच भीती वाटत होती.

पाच आठवडे गॅलरीत मटण शिजलं. मान होती तशीच. डॉक्टर म्हणाली, "घरात कुणीतरी काहीतरी घालतंय." मी नवऱ्याकडे पाहिलं. सुदर्शननं शपथ घेतली. सासरे म्हणाले, "मी ताटातलं मांजराला घालत नाही. आपल्यात तशी पद्धत नाही." आणि ते अगदी खरं होतं.

रविवारी दुपारी मी वाढत होते. सासरे पाटावर बसले, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजवीकडे जमिनीवर देवांच्या नावानं तूपभाताचे चार इवलेसे घास मांडले. ही त्यांची चित्राहुती, रोजचीच. मग त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि शेजारी बसलेल्या सुपारीनं देवांचं सगळं चाटूनपुसून साफ केलं. तेही रोजचंच. इतकी वर्षं मी हे बघत आले होते, पण लक्षात कधी आलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तूप दुधाचंच असतं."

त्यांनी डोळे उघडले. आधी जमिनीकडे पाहिलं, मग तिच्या मानेकडे.

"ते देवांचं आहे," ते म्हणाले. मग सुपारीकडे बघत म्हणाले, "पोचतंय कुणाला, ते दिसतंच आहे म्हणा." मग आवाज खाली गेला. "म्हणजे इतके दिवस मीच तिला..."

ते जेवले नाहीत. ताट तसंच ठेवून उठले. अन्न टाकणाऱ्याला आयुष्यभर फटकारणारा माणूस! मला रडू आलं.

संध्याकाळी ते पुन्हा पाटावर बसले. "श्रद्धा, तिचं आण."

मी गॅलरीतली वाटी आणून दारापाशी ठेवली.

"तिथं नको. इथं, उजवीकडे."

"बाबा, मटण आहे."

"नाक आहे मला."

त्यांनी ओंजळीतलं पाणी ताटाभोवती फिरवलं आणि हात न थांबवता तिच्या वाटीभोवतीही फिरवलं. जमिनीवर भात ठेवला नाही. "देवांना सांगितलंय, तूप बंद. त्यांना काही खाज सुटत नाही." मग दोघं जेवायला लागले, आणि सासरे तिला भाजीवाल्याची नवी तक्रार सांगू लागले.

पथ्य पहिल्यापासून सुरू झालं. हळूहळू मानेवर मऊ करडी लव आली. डॉक्टरनं बोट फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली.

माझ्या मनाला मात्र एक गोष्ट टोचत होती. माझ्यामुळे त्यांचा आयुष्यभराचा नेम मोडला होता. एके दिवशी वाढताना म्हटलं, "बाबा, आता चित्राहुती घाला ना. मी वर वाटी झाकीन, तिला मिळणार नाही."

"घालतोय की रोज," ते म्हणाले, आणि मटणाची वाटी बोटानं सुपारीकडे सरकवली.