विहिरीचं बी लिहा

तव्यावर भाकर टाकता टाकता भागीरथाबाईंनी विचारलं, आज तरी घरी राहशील का? सोनूने दोन भाकरी आणि बेसन फडक्यात बांधलं, पायात चपला सरकवल्या आणि ती मुकुटबनहून येणाऱ्या एस.टी.ने तालुक्याला निघून गेली. तहसील कचेरीसमोर पोरापोरींचं धरणं बसलं होतं, त्याचा तो चौथा दिवस होता.

ओसरीवर दाढी करत असलेले रामराव अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून आत आले. गावात त्यांच्या शब्दाला वजन, वीस एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पण एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे त्यांचं काही चालेना. आणि पोरीवरचा राग मग बायकोवर निघायचा. रविवारी उमरखेडचे पाहुणे सोनूला पाहायला यायचे होते. मुलगी धरण्याला बसते हे त्यांच्या कानावर गेलं, की सोयरीक संपली.

"दुपारच्या आत तिले घेऊन ये," ते म्हणाले. "तुह्यं ऐकते ते. माह्यं कोण ऐकते इथं?"

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही त्यांची आवडती म्हण. जाता जाता तीही त्यांनी ऐकवली. त्या मुठीत काय होतं, ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळीने सगळ्यांची झोप उडवली होती. कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीवरचा, लेतू टेकाम रामरावांच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारायला यायचा. उंच झाडांवर मारलेलं औषध वाऱ्याने उलटून त्याच्याच तोंडावर यायचं. धरण्याच्या महिनाभर आधी एका दुपारी तो डोळे चोळत विहिरीकडे आला. सदरा औषधाने भिजून अंगाला चिकटलेला. अंग धुण्यापुरतं पाणी द्या, असं विहिरीवर असलेल्या भागीरथाबाईंना म्हणाला.

विहिरीच्या काठावर मुंजोबाचा ओटा होता. पोडावरच्या माणसाने दोराला हात लावायचा नाही, हौदाला शिवायचं नाही, हा सासऱ्याच्याही आधीपासूनचा नेम. तहान लागली की घरच्या बाईने वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं. वीस वर्षं भागीरथाबाईंनी तसंच ओतलं होतं. बाई मनाने वाईट नव्हती. आपण कुणाचं काही बिघडवतो, असं तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

सोनू तेव्हा डबा घेऊन आली होती. तिने भरलेली बकेट उचललीही.

"ठेव ते," भागीरथाबाई म्हणाल्या. "नाल्यावर जाईन तो."

सोनूने बकेट खाली ठेवली. नाला पाऊण कोसावर होता. लेतू तिथवर पोचलाच नाही, वाटेतच कोसळला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, लगेच अंग काहून नाही धुतलं? त्याची बायको पोचूबाई काय सांगणार? तिसऱ्या दिवशी तो गेला. गुन्हा आपल्यावर येईल या भीतीने रामरावांनी पंचनाम्यात सांगून टाकलं, की लेतू त्या दिवशी कामावर नव्हताच, पिऊन पडला असेल.

सोनूला आणायला निघालेल्या भागीरथाबाईंना एस.टी.त गावचे बबनराव भेटले. या पोट्ट्यांले कामधंदा नाही, कोणीतरी पढवून बसवलं यांले, असं ते सगळ्या गाडीला ऐकवत होते. भागीरथाबाईंनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत होतं.

कचेरीसमोर लिंबाखाली सतरंजीवर, पोचूबाईला सरकारी मदत मिळावी म्हणून, पंचवीस-तीस पोरंपोरी बसली होती. कुणी अर्ज लिहीत होतं, कुणी ओरडून घसा बसला म्हणून गुळणी करत होतं. सोनू पोचूबाईशेजारी होती.

"चाल घरी," भागीरथाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "कोणं भरवलं हे तुह्या डोक्यात?"

"कोणी नाही भरवलं." सोनूचा आवाज चढला नाही. "आई, मी बकेट खाली ठेवली होती. तू म्हटलं आन् मी ठेवली. तवापासून मले घरात बसवत नाही."

पोरं रस्त्यावर का बसतात, याची शंभर कारणं गावात सांगितली जात होती. भागीरथाबाईंना खरं कारण आत्ता कळलं, आणि त्यांना पोरीसमोर उभं राहवेना.

तेवढ्यात नायब तहसीलदार कागद घेऊन बाहेर आले. लेतू फवारत होता याला साक्षीदार नाही, म्हणाले; पंचनाम्यात तो दारूने पडल्याचं लिहिलंय; पोचूबाईचा मदतीचा अर्ज आजच फेटाळावा लागेल. कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर आत्ता सांगा.

चार दिवस बापाचं नाव घ्यायला न धजावलेली सोनू उठू लागली. भागीरथाबाईंनी तिचा खांदा धरला आणि तिला खाली बसवलं. पोचूबाईने तोंड फिरवलं. आई आली, आता संपलं, असं सगळ्यांना वाटलं. सोनूच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारचे पाहुणे, नवऱ्याचा पंचनामा, दारात येणारे पोलीस, सगळं भागीरथाबाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी त्या पुढे झाल्या.

"पोरीचं नाव नका लिहू, साहेब. शेत आमचं. मी होती तिथं. माह्यं लिहा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंप कुणाचा, औषध कुणी आणून दिलं, पऱ्हाटीच्या कोणत्या ओळीत तो फवारत होता, सदरा कसा भिजला होता. साहेबांनी भरभर लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

"विहिरीचं बी लिहा," भागीरथाबाई म्हणाल्या.

कसली विहीर, ते साहेबांना कळेना.

"त्यानं अंग धुवाले पाणी मांगलं. बकेट भरेल होती. तो पोडावरचा म्हणून मी देऊ नाही देल्ली."

अर्जात त्यासाठी रकाना नाही, साहेब म्हणाले.

"नसन तं खाली जागा हाय. तिथं लिहा."

साहेबांनी टोपण काढलं आणि लिहिलं. भागीरथाबाईंनी खाली दुसरीपर्यंतच शिकलेल्या अक्षरात सही केली. माफी द्यावी असं पोचूबाईला वाटलं नाही, आणि ती मागायचं तोंड भागीरथाबाईंना नव्हतं. गावाकडे जाणारी एस.टी. हॉर्न देऊन निघून गेली. त्या सतरंजीच्या कडेला पोरीजवळ बसल्या. सोनूने फडकं सोडलं आणि सकाळच्या भाकरीतली अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

रविवारी पाहुणे आले का, रामराव काय म्हणाले, हे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी आधी घरी जाऊन आपली बकेट कुठे ठेवली आहे, ते पाहावं.