पेज म्हणजे पाणी नव्हे

सिस्टरने काटा शून्यावर आणला आणि नम्रताला दुसऱ्यांदा उभं केलं. सकाळपासून पाण्याचा घोटही न मिळालेल्या बाईचं वजन उतरायला हवं होतं. ते चक्क वाढलं होतं.

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “चोरून पाणी प्यायलात ना?”

“नाय ओ! देवाशपथ नाय.”

पावसाळ्यापासून हेच चाललं होतं. नम्रता तांब्यामागून तांबे रिचवायची आणि रात्रंदिवस मोरीकडे धावायची. साखर तपासली, ती नव्हती. मग सासूने निकाल दिला, कामं टाळायची नाटकं. नवरा, सिद्धेश, आईच्या सुरात सूर मिसळून मोकळा. डॉक्टरीणबाईंना मात्र वाटत होतं की पाणी राखून ठेवायचा मेंदूचा निरोप मूत्रपिंडांना पोचवणारं संप्रेरकच तिच्या अंगात कमी पडतंय. तसं असेल तर पाणी तोडूनही लघवी पाण्यासारखीच राहणार. नुसती सवय असेल तर पिवळी होणार. आज तिचं खरंखोटं व्हायचं होतं, आणि तीच खोटी पडत होती.

सिद्धेश खिडकीशी उभा होता. गप्प बसला असता तर घरी त्याचंच खरं झालं असतं.

“मॅडम, मी दिली,” तो खाली बघत म्हणाला. “पाणी नाही, पेज. घरून डब्यात आणलेली. तिचे सुकलेले ओठ बघवेनात.”

“अहो, पेज म्हणजे भाताचं पाणीच की!”

“आमच्याकडे ते जेवण.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. तपासणी उद्या, पहिल्यापासून.

बाहेर बाकावर नम्रताने पेजेच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, “उद्या तुमी पण पाणी घेव नकात. बघा तरी.”

तो हो म्हणून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याची जीभ टाळूला चिकटली. तो सिस्टरवर उगाच खेकसला, पण उठला नाही. नम्रताने तर पलंगाची कड घट्ट धरली होती. शेवटी त्याने लाजत स्वतःसाठीही लघवीची एक बाटली मागून घेतली.

दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवल्या. त्याची कोऱ्या चहासारखी गडद. तिची नितळ, आताच नळाखाली भरल्यासारखी. त्याला फार लाज वाटली.

“संप्रेरक कमीच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्याचंच इंजेक्शन दिलं. दुखणं निघालं म्हणून हसणारी बाई त्या वॉर्डाने पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी सिस्टरने तिला पेलाभर पाणी दिलं. सिद्धेश दुसरा आणायला उठलाच होता. नम्रता अर्ध्यावर थांबली, आणि पेला त्याच्यापुढे धरला.

“माका पुरे,” ती म्हणाली. “तुमी घेवा.”