गूळपाण्याचं बोट

टण्ण... फळीवरून काहीतरी काढताना दुसऱ्या भांड्याला लागलं, आणि दुपारभर श्वास धरून बसलेलं घर तेवढ्या आवाजाने हललं. जसोदेने मान वळवली नाही. न वळवताही तिला कळलं – काशाची वाटी. तळहातात मावेल एवढी, काठाला एका बाजूने दबलेली. ती वाटी एरवी कुणी काढत नाही.

आतल्या खोलीत धाकटी जाऊ मंछा बाळंत होऊन घटकाही झाली नव्हती. मुलगा. तो रडून थकला होता, आणि आईच्या दुधाआधी त्याच्या ओठांना लागायचा तो पहिला थेंब, गूळपाण्याचा, कापसाच्या वातीवरचा, अजून लागायचा होता. गळथुथी. जो हात ती देईल त्याचा स्वभाव मुलात उतरतो, हे तापीकाठच्या या गुजर घरात इतकं सरळ होतं की त्यावर कुणी वाद घालत नसे. हात कुणाचा, यावर मात्र घालत.

जसोदा ओसरीच्या दाराशी बसून बोंडातली सरकी काढत होती. वातीसाठी कापूस. सरकी निघाली की कापसाला एक पोकळ खड्डा राहतो. तो ती अंगठ्याने मिटवत होती, उगाच, पुन्हा पुन्हा.

वाटी काढली होती रुक्मिणीने. थोरली जाऊ. सकाळी कळा सुरू झाल्या तशी तिने विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, नखं कापली, गूळ किसून ठेवला. लढाईपायी बाजारात साखर दिसेनाशी झाली होती, पण गूळ घरच्या उसाचा. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज काय? पाच वर्षांपूर्वी जसोदेच्या मीनाला तिनेच दिली होती. बारा वर्षांच्या संसारात कूस उजवली नाही, त्या एका थेंबावर ती आजवर बोलत आली – लग्नाकार्यात, ओट्यावर, नदीवर धुणं धुताना – "मीनाले गळथुथी मन्ही शे." एवढंच. पुढे काही नाही. पण ते बोलताना तिची मान किंचित वर व्हायची.

"रुक्मिणी, वाटी ठेव. तू नको." सासूबाईंचा आवाज.

वाटी वाजली नाही. म्हणजे हातातच राहिली.

"शेजारना प्रेमचंदनी सूनले बलावा कोणी. तिन्हा आवाज ओटावर येस का कधी? तशी बाई पाहिजे. तुन्हा हातनं काय झायं, देख! मन्हं मनगट देख. कुत्रं चावतं तं बरं व्हतं."

मागल्या दाराशी हात धूत बसलेली दिवलीबाई सुईण फिस्सकन हसली. "मायबाई, गूयनं पानी शे ते, दारू नही. चढस थोडंच!"

"तू हात धू. भलती शहाणी."

"धुवस ना. तुम्हना घरना चार पोरं मन्हाच हातमां पडनात, मंग सगळा मन्हासारखा काळा का नही झायात?"

यावर एरवी सासूबाईही हसल्या असत्या. आज हसल्या नाहीत.

"बरं माय," रुक्मिणी म्हणाली, "मी पानी तपाडस." आणि चुलीकडे गेली. तिने फुंकणी उचलली. तिच्या चालण्यात काहीही फरक पडला नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं.

...तापीला पूर होता त्या वर्षी. पलीकडच्या माहेराला नाव जाईना, म्हणून मीना इथेच झाली, याच खोलीत. सासूबाईंनी तेव्हा स्वतःच रुक्मिणीचं नाव काढलं होतं. पोरीची जात, तिला गप्प बसता आलं पाहिजे, रुक्मिणीसारखी निघाली तर कुठल्याही घरात खपून जाईल. खपून जाईल – जसोदा बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होती. वाटी उशाशी ठेवून रुक्मिणी वात आणायला गेली. पोरीचं तोंड हवेत काहीतरी शोधत होतं. मी करंगळी बुडवली. ठरवून? ठरवून नाही म्हणता येणार. पण बोट तोंडात जाताना मनात शब्द होते, स्पष्ट होते – हिने गप्प बसू नये. पोरीने बोट असं धरलं की सोडेना. मग रुक्मिणी आली, हसत, हातात वात, आणि मी बोट पदराला पुसलं.

पुसलं ते पुसलंच. पाच वर्षं.

आणि स्वभाव तरी कुठला द्यायला गेले मी? माझ्या बापाचा. जेवणात मीठ कमी म्हणून ताट अंगणात भिरकावणारा माझा बाप. त्याच्या बापाने म्हणे बैलाच्या शिंगाला रागाने दात लावले होते. आई म्हणायची, जसोदे, तुझे डोळे तिकडचे आहेत. ते रक्त घेऊन ती या घरात आली, आणि रागाच्या वेळी गोधडीचा काठ दातात धरायला शिकली. मीना त्याच गोधडीत झोपते. मुलं अंधारात काय काय बघतात कोण जाणे... मग बोट तरी कशाला हवं होतं?

काल तर काय झालं होतं! जेवणं चालली होती. भाकरी करपली म्हणून सासूबाईंनी रुक्मिणीपुढचं ताट ओढून घेतलं – अर्धं जेवलेलं. रुक्मिणी उठली, हात धुवायला निघाली. जसोदा बघत राहिली. तिच्या जबड्याच्या कडेला नेहमीची कळ आली आणि नेहमीसारखी गेली. आणि मीना, कुणाच्या लक्षात यायच्या आत, ताट ओढणाऱ्या मनगटाला जाऊन चिकटली होती.

रक्त आलं नाही. पण दातांची खूण उमटली, वरचे आणि खालचे, अर्धगोल, सुबक.

आता उठायचं. आत जायचं आणि सांगायचं: माय, पहिलं बोट माझं होतं, रुक्मिणीजिजीची वात नंतर. एवढीच दोन वाक्यं. वाटी रुक्मिणीच्या हातात परत येईल. पण लगेच दुसरं... त्याच दोन वाक्यांनी रुक्मिणीची मीनाही जाईल. मी तिला वाटी देईन आणि लेक काढून घेईन. आणि गप्प बसले तर तिच्याकडे लेक राहील, अपराधासकट. याला तोलायचं कसं? जसोदेने सरकीचे दाणे मुठीत घेतले, पुन्हा खाली सोडले.

की हे सगळं सबबीसाठीच? तोंड उघडून बघू या म्हणून तिने ओठ विलग केले. आतून "बरं माय"सारखंच काहीतरी, मऊ, तयार, येऊ बघत होतं. ती दचकली नाही. नवल वाटलं फक्त – आपल्याला तर कुणी रुक्मिणीचा थेंब दिला नव्हता. मग हे कधी आलं आपल्यात? कुठल्या भाकरीतून, कुठल्या दुपारी? बापाचे डोळे तोंडावर तसेच होते. डोळ्यांच्या मागे कुणी दुसरंच राहायला आलेलं.

ओट्यावर प्रेमचंदच्या सुनेची पावलं वाजली. सासूबाई उठल्या. चुलीपाशी रुक्मिणी फुंकणीने फुंकत होती. जाळ केव्हाच धरला होता, तरी फुंकत होती.

कणगीच्या मागून मीना निघाली. कालपासून ती तिथेच घुटमळत होती. जेवायला तेवढी येई. केसांना कोळिष्टक, गालावर दाण्यांची भुकटी. सगळं ऐकलं असणार तिने. ती येऊन जसोदेच्या गुडघ्याला टेकली, चुलीपाशी बसलेल्या आपल्या मोठ्या मायकडे बघत राहिली, मग हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

"माय, काल चावनी ती मी, का मोठी माय?"